चाकाचा आवाज: टूरिंग मोटारसायकल चालवणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चाकाच्या आवाजाबद्दल मला जे प्रश्न येतात, त्यांत बहुतेकांनी निदान आधीच करून टाकलेलं असतं: "बेअरिंग गेलंय, बदलू का?" कधी ते खरंच गेलेलं असतं. पण बऱ्याचदा दोष टायरचा, ब्रेकचा किंवा चेनचा निघतो आणि नवं बेअरिंग घालूनही आवाज तसाच राहतो. म्हणून माझा आग्रह एकच आहे. भागाचं नाव घेण्याआधी आवाजाची लय पकडा. तो वेगाबरोबर बदलतो का, गाडी कलली की बदलतो का, ब्रेकला हात लावल्यावर थांबतो का, हे आधी बघा. खालच्या उत्तरांचा क्रमही त्याच विचाराने लावला आहे.

१. आवाज चाकाचा आहे की इंजिनाचा, हे कसं ओळखायचं?

मोकळ्या सरळ रस्त्यावर ताशी ५०-६० किलोमीटरच्या वेगाने जाताना ॲक्सिलरेटर सोडा आणि क्लच पूर्ण दाबून धरा. इंजिनाचे फेरे झटकन खाली येतात, गाडीचा वेग मात्र सावकाश उतरतो. आवाज इंजिनाबरोबर खाली पडला, तर तो चाकाचा नाही. गाडीच्या वेगाबरोबर हळूहळू मंदावत गेला, तर तो चाक, टायर, ब्रेक किंवा चेन यांपैकी कशाचा तरी आहे.

इथे एक गफलत हमखास होते. क्लच दाबला तरी चेन, दोन्ही स्प्रॉकेट (चेनची दातेरी चक्रं) आणि गिअरबॉक्समधून बाहेर येणारा शाफ्ट चाकाबरोबर फिरतच असतात. म्हणजे या चाचणीने इंजिन सुटतं, चेन सुटत नाही. तिच्यासाठी प्रश्न ११ पाहा. आणि धावत्या गाडीचं इंजिन किल्लीने बंद करून ही चाचणी कधीही करू नका. किल्ली चुकून पुढे फिरली, तर हँडल लॉक होऊ शकतं.

२. पुढच्या चाकाचा की मागच्या, तेच कळत नाही. काय करू?

हेल्मेटच्या आत कानावर दिशेसाठी फारसा भरवसा ठेवता येत नाही. त्यात टूरिंग गाडीची मोठी काच खालचा आवाज वर आणून सोडते, त्यामुळे मागच्या चाकाची घरघरही समोरून आल्यासारखी वाटते. कानापेक्षा शरीराला विचारा. पुढच्या चाकाची कंपनं हँडलच्या मुठीत जाणवतात, मागच्याची सीट आणि फूटरेस्टमध्ये.

लांब भिंतीच्या किंवा कठड्याच्या कडेने सावकाश गेलात, तर आवाज परावर्तित होऊन स्पष्ट ऐकू येतो. बारीक टकटक आणि घासण्याचे आवाज तर या एका युक्तीने लगेच उघडे पडतात. इयरप्लग घातले, तर वाऱ्याचा गोंगाट कमी होतो आणि खालची घरघर वेगळी काढता येते. हे ऐकायला उलटं वाटतं, पण करून बघा. फोनवर रेकॉर्ड करायचं असेल, तर आधी पुढच्या फोर्कजवळ, मग मागच्या स्विंगआर्मजवळ (मागचं चाक धरणारा दांडा) अशी दोन रेकॉर्डिंग एकाच रस्त्यावर, एकाच वेगाने करा. फोन घट्ट बांधा. चाकाजवळ लोंबणारा पट्टा किंवा वायर अजिबात नको.

३. कोणता आवाज आला की गाडी तिथेच थांबवायची?

लोखंडावर लोखंड खरवडल्याचा आवाज, दर फेरीला बसणारा आणि मिनिटागणिक वाढत जाणारा धक्का, किंवा आवाजाबरोबर गाडी डोलायला लागणं. यांपैकी काहीही झालं, तर पुढच्या गावापर्यंत जाऊ असा विचारही करू नका. थांबल्यावर चार गोष्टी बघा: टायरला कुठे फुगा आलाय का, ॲक्सलचा नट जागेवर आहे का, कॅलिपरचे (ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारा भाग) बोल्ट आहेत का, आणि चाक हाताने हलवल्यावर खुळखुळतं का. फुगा म्हणजे टायरच्या आतले थर सुटलेत. त्यावर उपाय नाही आणि त्या टायरवर एक किलोमीटरही जाऊ नये. सामान आणि मागचा माणूस मिळून तुमच्या गाडीवर किती वजन आहे हे आठवलं, तर हा आग्रह कशासाठी आहे ते लक्षात येईल.

४. तपासायला सुरुवात कुठून करू?

हवेपासून. टायर थंड असताना, म्हणजे गाडी काही तास उभी राहिल्यावर हवा मोजा आणि गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्याशी ताडून बघा. अनेक टूरिंग गाड्यांना पुढे ३६ आणि मागे ४२ पीएसआय सांगितलेली असते, पण तुमचा आकडा पुस्तिकेतूनच घ्या. गरम टायरमध्ये मोजून हवा कमी करण्याची चूक खूप जण करतात. २५ अंशाला ३६ पीएसआय असलेली हवा टायर ५० अंशांवर गेल्यावर ४० च्या आसपास दिसते. ती वाढ धरूनच थंड टायरचा आकडा ठरवलेला असतो.

मग गाडी डबल स्टँडवर घ्या, इंजिन बंद ठेवा, गिअर न्यूट्रलला आणा आणि चाक हाताने सावकाश पूर्ण फेरी फिरवा. टॉर्च घेऊन टायरचा प्रत्येक इंच बघा, हाताने चाचपा. खिळा, खडा, फुगा, उखडलेली वजनाची पट्टी (चाकाच्या बॅलन्ससाठी रिमला चिकटवलेली), मडगार्डला घासल्याची चमकदार रेघ, सगळं याच एका फेरीत दिसतं. त्यानंतर चाक वर-खाली आणि डाव्या-उजव्या बाजूने धरून हलवा. पाने-पक्कड हातात घेण्यापूर्वीच निम्म्याहून जास्त उत्तरं इथे मिळतात.

इंजिन चालू करून, गिअर टाकून मागचं चाक फिरवत कान लावणारे लोक मी पाहिले आहेत. चेन आणि स्प्रॉकेटच्या मध्ये बोट सापडलं, तर ते परत मिळत नाही. हे करू नका.

५. टकटक असा ठरलेल्या लयीत आवाज येतो आणि वेग वाढला की लय वाढते. काय असेल?

लय मोजा. १२०/७० मापाच्या १७ इंची पुढच्या टायरचा घेर सुमारे १.९ मीटर असतो. म्हणजे ताशी २० किलोमीटरला चाक सेकंदाला जवळपास ३ फेऱ्या मारतं आणि ६० ला सुमारे ९. २० च्या वेगाला सेकंदात साधारण तीन टक ऐकू आले, तर दर फेरीला एक ठोका पडतोय.

फेरीला एकच ठोका म्हणजे चाकावरची एकच जागा कशाला तरी लागतेय, किंवा जमिनीला वेगळी लागतेय. टायरमध्ये घुसलेला खिळा, नक्षीत अडकलेला खडा, सुटत आलेली वजनाची पट्टी, वाकडी डिस्क, वॉल्व्हचं लांब टोपण, अगदी सामानाच्या पट्ट्याचं टोकही. टायरवर खडूने एक खूण करा आणि गाडी सावकाश ढकलत न्या. ठोका पडेल तेव्हा खूण कुठे आहे ते बघा. दोन-तीन वेळा तीच जागा आली, की दोष सापडलाच.

खिळा दिसला, तर लगेच उपटू नका. पंक्चर काढायचं साहित्य हाताशी आहे का ते आधी बघा. टोक आतपर्यंत गेलं नसेलही, पण गेलं असेल, तर तोच खिळा हवा अडवून बसलेला असतो.

दर अडीच-पावणेतीन फेऱ्यांनी एकदा ठोका येत असेल, तर तो चाकाचा नव्हेच. प्रश्न ११ कडे जा.

६. सरळ जाताना हलकी भुणभुण येते आणि वळणावर गाडी कलली की ती मोठी होते. बेअरिंग आहे ना?

बहुधा नाही. हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

गाडी कलली की जमिनीला टेकणारी टायरची पट्टी बदलते. बेअरिंगवरचा भार थोडाफार बदलतो, पण त्याचा सूर एकदम पालटत नाही. म्हणून कलल्याबरोबर आवाज बदलला, की पहिला संशय टायरवर घ्यायचा. रस्त्याचा पृष्ठभाग बदलल्यावरही आवाज बदलत असेल, तर संशय आणखी पक्का. बेअरिंगला खाली डांबर आहे की काँक्रीट, याने फरक पडत नाही.

होतं असं. पुढचा टायर ब्रेकचा मोठा भार घेतो. ब्रेक लागला की नक्षीचा प्रत्येक ठोकळा मागे दुमडतो आणि जमीन सोडताना सरपटतो. त्यामुळे ठोकळ्याची एक कड जास्त झिजते आणि दुसरी उंच राहते. काही हजार किलोमीटरनंतर टायरचे खांदे करवतीच्या दात्यांसारखे होतात, किंवा ठरावीक अंतरावर खोलगट वाट्या पडतात. समजा घेरावर असे ३० ठोकळे आहेत. ६० च्या वेगाला चाकाच्या ९ फेऱ्या, म्हणजे सेकंदाला जवळजवळ २७० ठोके. एवढ्या वेगाने पडणारे ठोके वेगवेगळे ऐकू येत नाहीत, त्यांचा सलग सूर होतो. तीच तुमची भुणभुण. सरळ जाताना टायरची मधली पट्टी जमिनीवर असते आणि ती गुळगुळीत असते. कललात की दाते असलेला खांदा जमिनीवर येतो आणि सूर चढतो.

खात्री करायला तळहात टायरच्या खांद्यावरून आधी एका दिशेने फिरवा, मग उलट्या दिशेने. एका बाजूने गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूने खरबरीत लागलं, तर निदान झालं.

कारण शोधल्याशिवाय नवा टायर घालू नका, नाहीतर तोही तसाच होईल. हवा सतत कमी असणं हे नेहमीचं कारण. त्याखालोखाल दमलेला फोर्क, बॅलन्स बिघडलेलं चाक, आणि वजनदार गाडी प्रत्येक वळणाआधी जोरात ब्रेक मारून थांबवण्याची सवय. थोडी असमान झीज टूरिंग गाडीच्या पुढच्या टायरला यायचीच, तिची काळजी नको. आवाजाबरोबर हँडल थरथरू लागलं किंवा नक्षी झिजीच्या खुणेपर्यंत आली, की टायर बदला.

सांगायला हवं, मीही एकदा याच आवाजावर पुढची दोन्ही बेअरिंग बदलली होती. जुनी बेअरिंग बाहेर काढून फिरवली, तर लोण्यासारखी फिरत होती. तळहात टायरवरून फिरवायचं तेव्हापासून चुकवत नाही.

७. मागचा टायर मध्ये सपाट झालाय. त्याचाही आवाज येतो का?

येतो, पण भुणभुणीपेक्षा घुमल्यासारखा जड. लांबच्या सरळ रस्त्यांवर सामान लादून चाललं, की मधली पट्टी झिजून टायर चौकोनी होतो. वळणात शिरताना सपाट भागाच्या कडेवरून गाडी पलटल्यासारखी एकदम पडते आणि त्याच क्षणी आवाज बदलतो. आवाज सहन होईल, पण वळणावरचा तो धक्का ओल्या रस्त्यावर नको.

८. नवा टायर घातल्यापासूनच आवाज येतोय. टायर खराब निघाला का?

कोणता आवाज, त्यावर आहे. नक्षी वेगळी असली की सूर वेगळा येतो आणि पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये तो मवाळ होतो किंवा कानाला सवय होते. पण घासणं, टकटक किंवा धपधप असेल, तर टायरपेक्षा चाक बसवताना झालेल्या चुकीची शक्यता जास्त.

आधी टायरवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेला आहे का बघा. मग रिमच्या कडेलगत टायरवर जी बारीक गोल रेघ असते, ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर आहे का बघा. एका जागी ती आत गेली असेल, तर टायर रिमवर पूर्ण बसलेला नाही. तो एखाद्या वाकड्या भोवऱ्यासारखा फिरेल आणि धपधप येईल. दुकानात परत नेऊन हवा सोडून, कडेला साबणपाणी लावून पुन्हा बसवायला लावा.

त्यानंतर ॲक्सलवरचे स्पेसर, म्हणजे चाक मधोमध ठेवणाऱ्या कड्या. डावा-उजवा अदलाबदल झाला, तर चाक एका बाजूला सरकतं आणि डिस्क कॅलिपरला घासते. जुन्या, केबलच्या स्पीडोमीटरच्या गाड्यांत पुढच्या हबजवळच्या (हब म्हणजे चाकाचा मधला भाग) गिअरची जीभ खाचेत न बसवता ॲक्सल कसला, तर करकर येते आणि काटाही चालत नाही. चेन ताणताना दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवल्या नसतील, तर चेन तिरकी चालते. एबीएसच्या सेन्सरबद्दल प्रश्न १७ मध्ये लिहिलं आहे.

टायर नवा म्हणून घेतला, पण खरंच नवा आहे का, हेही बघून घ्या. बाजूच्या भिंतीवर डीओटीने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३२१ असेल, तर तो २०२१ सालच्या २३ व्या आठवड्यात बनला.

९. बेअरिंग खरंच गेलंय, हे खात्रीने कसं सांगायचं?

गेलेलं बेअरिंग जात्यासारखी सलग घरघर करतं. ती वेगाबरोबर वाढते, रस्ता बदलला तरी तशीच राहते. त्याची लय चाकाच्या एका जागेशी जुळत नाही, आणि याला कारण आहे. आठ छर्ऱ्यांच्या बेअरिंगमध्ये कडीवर एक खड्डा पडला, तर चाकाच्या एका फेरीत त्यावरून साधारण तीन ते पाच छर्रे जातात, तेही पूर्ण आकड्यात नव्हे. त्यामुळे प्रश्न ५ मधली खडूची खूण इथे दरवेळी वेगळ्या जागी येते. खूण जागेवर थांबत नाही, हाच पुरावा.

चाक स्टँडवर फिरवून आवाज आला नाही, म्हणजे बेअरिंग चांगलं, असं समजू नका. स्टँडवर त्याच्यावर भार नसतो आणि सुरुवातीचा दोष भाराखालीच बोलतो. चाक वरून आणि खालून धरून हलवा. टकटक जाणवली, तर ती कुठून येते ते बघा. पुढे असेल, तर दुसऱ्या माणसाला फोर्क घट्ट धरायला सांगा. तरीही चाक हललं, तर बेअरिंग. फोर्कसकट हललं, तर कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर वळतं ती बेअरिंग. मागे असेल, तर चाकाबरोबर स्विंगआर्मही हलतोय का बघा. तसं असेल, तर दोष त्याच्या बुशमध्ये आहे.

शेवटचा शब्द बोटाचा. चाक काढा, बेअरिंगच्या आतल्या कडीत बोट घालून सावकाश फिरवा. अडखळत, दाण्यादाण्याने फिरली किंवा गंजाचा तांबूस ओघळ दिसला, तर बदला. मागच्या चाकात हबमधली दोन बेअरिंग तपासून लोक थांबतात. चेनच्या बहुतेक मोठ्या गाड्यांत स्प्रॉकेटच्या कॅरिअरमध्ये आणखी एक बेअरिंग असतं. चेनचा सगळा ओढा त्याच्याजवळ पडतो, म्हणून ते विसरू नका.

१०. बेअरिंग बदललं आणि काही महिन्यांत पुन्हा गेलं. असं का?

बसवताना आतल्या कडीवर ठोकलं असेल, तर छर्ऱ्यांनी कडीत खड्डे पाडलेत. बेअरिंग त्याच दिवशी खराब झालं, आवाज फक्त नंतर आला. हबमध्ये बसवताना जोर नेहमी बाहेरच्या कडीवर द्यायचा. दुसरं कारण म्हणजे हबच्या आतली नळी. दोन्ही बेअरिंगच्या आतल्या कड्यांमध्ये ती टेकलेली असते. ती राहून गेली किंवा आखूड असली, तर ॲक्सल कसल्यावर कड्या एकमेकींकडे ओढल्या जातात आणि छर्रे बाजूने दाबले जातात. चाक मोकळं फिरत होतं आणि ॲक्सल कसल्यावर जड झालं, अशी तक्रार असेल, तर हेच बघा. ॲक्सलला पुस्तिकेतलाच टॉर्क द्या, अंदाजाने नाही.

तिसरं कारण पाणी. जोराच्या फवाऱ्याने हबवर नेम धरून गाडी धुतली, की सीलमधून पाणी आत जातं आणि ग्रीस धुऊन काढतं. बेअरिंग बदलताना सीलही नवे घ्या, आणि एकाच हबमधली दोन्ही बेअरिंग एकदम बदला.

११. चेनचा आवाज आणि चाकाचा आवाज वेगळा कसा करायचा?

पुन्हा मोजणी. मागचं स्प्रॉकेट ४२ दात्यांचं आणि चेन ११० कड्यांची असेल, तर चेनची एक फेरी पूर्ण व्हायला चाकाला सुमारे २.६ फेऱ्या लागतात. चेनमध्ये एखादी कडी जाम असेल, तर तिचा ठोका त्या लयीने येतो. पुढच्या स्प्रॉकेटचा एखादा दाता खराब असेल, तर उलट. ते १६ दात्यांचं असेल, तर चाकाच्या एका फेरीत त्याच्या २.६ फेऱ्या होतात.

दुसरी खूण: चेनचा आवाज ॲक्सिलरेटर देताना आणि सोडताना बदलतो, कारण ओढ कधी चेनच्या वरच्या भागाला असते, कधी खालच्या. टायरचा तसा बदलत नाही. चेनचा ताण एकाच जागी तपासू नका. चाक थोडं थोडं फिरवत चार-पाच जागी तपासा. एका जागी ताठ आणि दुसऱ्या जागी सैल असेल, तर चेन असमान ताणली गेली आहे. तेल घालून आवाज दोन दिवस दबेल, दोष जाणार नाही.

ॲक्सिलरेटर उघड-झाक करताना मागून ठक असा बोथट आवाज आला, तर मागच्या हबमधले डँपर रबर दबलेत का बघा. स्प्रॉकेट हाताने पुढे-मागे हलवल्यावर चाक न हलता ते बरंच फिरलं, तर रबर संपले.

१२. माझी गाडी शाफ्टची आहे. मग?

मागचं चाक चेनऐवजी फिरत्या दांड्याने चालतं, म्हणून चेनचे प्रश्न गेले, गिअरचे आले. मागच्या गिअर केसमधला हलका सूर अनेक गाड्यांना मुळातच असतो. तो अलीकडे बदलला का, हे महत्त्वाचं. तेल काढून बघा. निचऱ्याच्या बोल्टवर चुंबक असेल, तर त्यावर लोण्यासारखा राखाडी लेप चालेल, पण बोटाला टोचणारे तुकडे चालणार नाहीत. तुकडे दिसले, तर सहलीचा बेत पुढे ढकला.

बेल्टच्या गाडीला कोरड्या धुळीत चीं-चीं येणं नेहमीचं आहे. ती धुऊनही गेली नाही, तर बेल्ट पुलीच्या एका कडेला घासत चालतोय का बघा.

१३. खस्स-खस्स असं घासतं आणि ब्रेकला हलकं बोट लावलं की थांबतं. हे ब्रेकचं आहे का?

हो. डिस्क ब्रेकमध्ये पॅड डिस्कला किंचित टेकलेलेच असतात, त्यामुळे स्टँडवर थोडी सळसळ यायचीच. चाक हाताने ढकलल्यावर फेरी-दीड फेरी फिरून थांबलं, तर ठीक आहे. अर्ध्या फेरीत अडलं, तर पिस्टन मागे सरकत नाही किंवा कॅलिपरच्या पिन सुकल्या आहेत. ब्रेक फारसा न वापरता काही किलोमीटर जाऊन थांबा आणि डिस्कजवळ हात न्या, पण लावू नका. एक डिस्क दुसरीपेक्षा जास्त तापलेली असेल, तर दोष त्या बाजूला.

आवाज ब्रेक लावल्यावर थांबण्याऐवजी वाढून करकरीत झाला, तर पॅड संपून धातू डिस्कवर घासतोय. तेव्हा प्रश्न ३ लागू. डिस्कचीही जाडी मोजा. किती जाडीपर्यंत ती चालेल, हे तिच्यावरच कोरलेलं असतं.

१४. पावसानंतर किंवा धुतल्यानंतर सकाळी करकर येते आणि जाते.

डिस्कवर रात्रीत आलेला पातळ गंज आहे. चार-पाच वेळा ब्रेक लावला की पुसला जातो. गेला नाही, तरच प्रश्न १३.

१५. सकाळी पहिले काही किलोमीटर धपधप होतं, मग आपोआप बंद. का?

गाडी बरेच दिवस भार घेऊन एकाच जागी उभी राहिली, की टायर टेकलेल्या जागी किंचित सपाट होतो. चालून गरम झाला, की मूळ आकार घेतो. हवा कमी असेल, तर हे जास्त होतं. डबल स्टँडवर ठेवत जा. दहा-पंधरा किलोमीटरनंतरही धपधप राहिली, तर ते सपाटपण नव्हे. फुगा किंवा वाकडी रिम शोधा.

१६. अगदी कमी वेगात खळखळ येते, वेग वाढला की पूर्ण गायब. असं कसं?

रिमच्या आत काहीतरी मोकळं आहे. वेग वाढला, की ते बाहेरच्या बाजूला दाबलं जातं आणि गप्प बसतं. हवेचा दाब मोजणारा आतला सेन्सर सैल झालेला असू शकतो. टायर बदलताना त्याला धक्का बसतो आणि पुढच्या सफरीत तो सुटतो. बॅलन्ससाठी टायरमध्ये बारीक गोळ्या घातल्या असतील, तर त्यांची खळखळ स्वाभाविक आहे. गाडी सेकंडहँड घेतली असेल, तर हे आधीच्या मालकालाच विचारा.

पुढच्या तरंगत्या डिस्कच्या (मधल्या भागाला बटणांनी थोडी सैल जोडलेली डिस्क) बटणांचाही खुळखुळ आवाज कमी वेगात, खडबडीत रस्त्यावर येतो. ब्रेक हलका धरला की तो थांबतो, आतल्या सुट्या वस्तूचा थांबत नाही.

१७. आवाजाबरोबर एबीएसचा दिवाही लागतो. दोन वेगळे दोष आहेत का?

बहुधा एकच. हबवर दाते किंवा छिद्रं असलेली एक कडी असते आणि तिच्यापासून अगदी थोड्या अंतरावर सेन्सर. बेअरिंग खुळखुळलं, कडी वाकली किंवा मध्ये खडा अडकला, की ती घासते आणि सेन्सरला चुकीचा वेग कळतो. दिवा पुसायच्या मागे न लागता चाक फिरवून कडीवर ओरखडे आहेत का बघा. गाडी सुरू करून निघताना येणारी एकच टक मात्र एबीएसची स्वतःची चाचणी असते, ती दोष नव्हे.

१८. एकटा असताना काही नाही. सामान आणि मागे माणूस बसला की घासतं.

मागचं सस्पेन्शन दबून टायर मडगार्डच्या आतल्या बाजूला किंवा नंबरप्लेटच्या बोल्टला लागतोय. मडगार्डच्या आत चमकणारी रेघ शोधा. प्रीलोड (मागच्या स्प्रिंगचा आधीचा ताण) वाढवा, हवा पूर्ण भाराच्या आकड्याला आणा, आणि पेट्यांचे पट्टे चाकापासून दूर बांधा. एवढं करूनही घासलं, तर सामान कमी करा. गाडीच्या कमाल वजनाचा आकडा पुस्तिकेत असतो आणि त्यात तुम्ही दोघंही धरलेले असता.

१९. स्पोकच्या चाकातून किरकिर येते. सगळं चाक खोलावं लागेल?

लागणार नाही. छोट्या पान्याने प्रत्येक स्पोकवर हलकं टिचका. कसलेला स्पोक टणत्कार देतो, सैल असलेला थप्प वाजतो. सगळे अगदी एका सुरात वाजणार नाहीत, पण एखादा मेलेला लगेच कळतो. एक-दोन सैल असतील, तर थोडे थोडे कसा. एकाच बाजूचे बरेच सैल असतील, तर हात लावू नका. रिम एका बाजूला ओढली जाईल. ते काम स्टँडवर लावून करणाऱ्या कारागिराचं.

२०. साइडकार जोडल्यापासून पुढचा टायर किंचाळल्यासारखा करतो.

साइडकार लावली, की गाडी कलत नाही आणि वर दिलेली कलण्याची चाचणी बाद होते. इथे आधी साइडकारचं चाक आणि गाडीची चाकं यांची रेघ मोजा. ती बिघडली असेल, तर टायर सतत थोडा आडवा घासत चालतो आणि काही हजार किलोमीटरही टिकत नाही. भार बाजूने येत असल्याने बेअरिंगही लवकर झिजतात, त्यामुळे त्यांची तपासणी जास्त वेळा करा.

२१. मेकॅनिककडे नेलं की आवाजच येत नाही. त्याला कसं समजावू?

"आवाज येतो" एवढंच सांगू नका. कागदावर लिहून न्या: कोणत्या वेगाला सुरू होतो, क्लच दाबल्यावर राहतो का, कोणत्या बाजूला कलल्यावर बदलतो, ब्रेकला बोट लावल्यावर काय होतं, टायर थंड असताना की गरम असताना, सामान होतं का, आणि आवाज सुरू होण्याआधी गाडीचं शेवटचं काम कोणतं झालं. हा शेवटचा मुद्दा लोक सांगायचे विसरतात, आणि उत्तर अनेकदा तिथेच असतं. रेकॉर्डिंग असेल, तर त्यात वेग तोंडाने बोलून नोंदवा. शक्य झालं, तर मेकॅनिकला तुमच्याच सामानासकट गाडी चालवायला द्या. रिकाम्या गाडीवर प्रश्न १८ मधला आवाज त्याला कधीच ऐकू येणार नाही.

२२. सहलीच्या मध्यावर बेअरिंगची घरघर सुरू झाली. घर ४०० किलोमीटर लांब आहे. जाऊ का?

चाक हलवून बघा. जाणवण्याइतका खुळखुळाट असेल, हब हाताला चटका देण्याइतका तापत असेल किंवा ॲक्सलजवळ गंजाची पूड दिसत असेल, तर नाही. बेअरिंगची जाळी तुटली, की छर्रे एका बाजूला गोळा होतात, चाक तिरकं होतं, आणि पुढचं चाक असेल, तर डिस्क कॅलिपरमध्ये अडकू शकते. गाडी टेम्पोत घाला.

खुळखुळ अजिबात नाही, हब थंड आहे आणि फक्त हलकी घरघर आहे, तर जवळच्या गावातल्या गॅरेजपर्यंत सावकाश जा. दर दहा किलोमीटरला थांबून चाक पुन्हा हलवून बघा. चाकातल्या बेअरिंगचा क्रमांक त्याच्या सीलवर किंवा कडीवर कोरलेला असतो. हा भाग प्रमाणित मापांचा असल्याने तो केवळ त्या गाडीच्या शोरूममध्येच मिळतो असं नाही, बेअरिंग विकणाऱ्या कुठल्याही दुकानात त्या क्रमांकाने मागता येतो. लांबच्या सफरीला निघण्याआधी दोन्ही चाकांचे हे क्रमांक बघून फोनमध्ये लिहून ठेवा. दुकान बंद व्हायला अर्धा तास उरलेला असताना चाक खोलून क्रमांक वाचत बसण्याची वेळ येत नाही.